बापाची अक्कल वाईट वर्षाची असते

प्रश्न साक्री तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. बी.एस्सी. कृषी करून तो घरी परतला आहे. आठ एकर जमीन, एक विहीर, एक आटत चाललेला बोअर. वडिलांना तो नाना म्हणतो. नाना सत्तरीला आलेले, गळ्यात माळ. तो लिहितो: "नाना म्हणतात, आठही एकरांत कपाशी लावू नको, दोन एकर ज्वारी आणि मूग-उडीद ठेव. नवा बोअर घ्यायचा नाही. खालपर्यंत ओल गेल्याशिवाय चाड्यावर मूठ ठेवायची नाही, म्हणजे पेरायचं नाही. फरदड मात्र ठेवायची, म्हणजे हंगाम संपला तरी कपाशी उभीच, दोन पैसे जास्त सुटतात. आणि काहीही विचारलं की एकच उत्तर, 'बठ्ठं देवना हातमा शे', सगळं देवाच्या हातात आहे. काका, मी शिकलो ते वापरू, की बाप आणि देव यांच्यावर सोडून गप्प बसू?"

बाळा, माझी उभी नोकरी कृषी खात्यात गेली, धुळे-जळगावच्या खेड्यांत. घरची जमीन अमळनेरच्या बाजूला आहे आणि घरात वारीही आहे. त्यामुळे दोन्हीकडची माणसं मला हक्काने बोलतात: पोरं म्हणतात म्हाताऱ्यांना समजवा, म्हातारे म्हणतात पोरांना आवरा. तुझ्या बाबतीत आधीच सांगून टाकतो. ज्वारी-मूग, बोअर आणि ओल या तीन गोष्टींत नाना बरोबर आहेत. फरदडीत चुकतात. आणि देवाची जी गोष्ट आहे, ती तू अजून नीट ऐकलेलीच नाहीस.

शिकलेला माणूस सरासरी वर्षाचा हिशोब मांडतो. एकरी उतारा इतका, भाव इतका, खर्च इतका, उरले इतके. बाप हिशोब मांडतो तो वाईट वर्षाचा, आणि तो मांडून दाखवत नाही, सरळ निकाल सांगून उठून जातो. म्हणून तो हट्टी वाटतो. चांगल्या वर्षी त्याचं ऐकणं महागात पडतं, हे मी नाकारणार नाही. दोन एकर ज्वारीला दिले की तेवढा कापूस कमी निघणार, आणि शेजारचा दिवाळीत नवी मोटारसायकल दारात लावून तुला ते दाखवणार. बापाच्या सल्ल्याची वसुली चार-सहा वर्षांतून एकदाच होते, पण त्या वर्षी ती सगळी एकदम होते.

तुझे नाना 1972 च्या दुष्काळात सोळा-सतरा वर्षांचे असतील. त्या वर्षी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली, पोरांनी सुकडीवर दिवस काढले, घरंदाज शेतकरी बायकोपोरांसकट खडी फोडायला बसले. त्या वयात ज्याने हे बघितलं, तो आयुष्यभर कोठीत ज्वारीचं पोतं असल्याशिवाय नीट झोपत नाही. कडबाही त्यातच आला. दाणे विकत मिळतात. ढोरांना चारा मात्र दुष्काळात पैसे देऊनही मिळत नाही, हे त्या पिढीने जनावरं सोडून देताना शिकलं आहे. तू नानांना "ज्वारी का?" असं विचारलंस तर ते चिडतील. "बहात्तरला आपल्या घरी काय झालं?" असं विचार. दोन तास बोलतील, आणि त्या बोलण्यात तुला ज्वारीचं कारण सापडेल.

मूग-उडदाचं तर साधं गणित आहे. मूग साठ-पासष्ट दिवसांत निघतो. जूनमध्ये पेरलेला पोळ्याच्या आसपास घरात येतो, म्हणजे कपाशीच्या फवारणीला पैसा लागतो नेमका त्याच वेळी हातात रोकड येते. त्यासाठी दुकानदाराकडे उधारी करावी लागत नाही. जमिनीला नत्र मिळतं ते वेगळं. शेंगा पिकताना झड लागली तर दाणे शेंगेतच मोड धरतात, हा धोका आहे. तो नानांनाही माहीत आहे. म्हणून तर दोनच एकर म्हणतात.

पूर्वजांच्या शहाणपणाबद्दल बोलायचंच असेल तर तुझ्याच पांझरेवरचं उदाहरण घे. पांझरा, आणि पलीकडे नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम, या नद्यांवर तीनचारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. तुझ्या पुस्तकात दोन ओळी असतील, "सामूहिक सिंचनाची पारंपरिक पद्धत". त्यात खरी अक्कल कुठे होती ते बघ. नदीला दगडी बंधारा, तिथून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, एकात ऊस तर दुसऱ्यात भात, तिसऱ्यात गहू किंवा हरभरा, आणि दर वर्षी फेरपालट. शेतकऱ्याची जमीन एका जागी नसायची, वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी असायची. ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड कोरडाच ठेवायचा असं ठरायचं. त्या फडात सगळ्यांचीच थोडी जमीन, त्यामुळे तूट सगळ्यांत वाटली जायची. एकट्याचं घर बुडत नव्हतं. पाणी द्यायचं काम शेतकऱ्याच्या हातात नव्हतंच. ते पाटकरी द्यायचा, त्याला पगार गावाचा, आणि मालक कोण आहे हे न बघता ओळीने पाणी सोडायचं हा त्याचा धर्म. राखणीला जागल्या वेगळा. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस द्यावा लागायचा.

आता यात बघ, अख्खी मांडणी वाईट वर्ष डोळ्यासमोर ठेवून केलेली आहे. चांगल्या वर्षी फडाची कटकटच जास्त: मला कांदा लावायचा, पण माझ्या फडात या वर्षी गहू! पुढे वर धरणं झाली, ज्याच्या त्याच्या विहिरी झाल्या, आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले. मोडणारे मूर्ख नव्हते, त्यांना चांगली वर्षं दिसत होती. पण तूट वाटून घ्यायची ती जुनी सोय गेली, आणि आता ज्याचा बोअर आटतो तो एकटाच आटतो. तुझे नाना "सगळं एकाच पिकात घालू नको" म्हणतात ते फडाचंच शहाणपण आहे, आठ एकरांपुरतं उरलेलं. त्यांना स्वतःला तसं सांगता येणार नाही कदाचित.

ओलीचं थोडक्यात. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पहिला पाऊस त्या भेगांत उतरतो, वर दोन बोटं चिखल दिसतो, आणि माणसाला वाटतं झालं. बी उगवतं, आठ दिवस उघडीप पडते, खालची कोरडी गरम माती कोंब जाळून टाकते. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाणं दोनदा, मजुरी दोनदा आणि हंगाम पंधरा दिवस मागे. कृषी खातंही 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका म्हणूनच सांगतं. माझे वडील कुदळीने तीन जागी खणायचे: बांधाजवळ, मधे आणि उताराला. कोपरापर्यंत हात घालून खालची माती वर काढायचे आणि मुठीत दाबायचे. लाडू वळला आणि तो छातीइतक्या उंचीवरून टाकला तर दोनतीन तुकडे होऊन पडला पाहिजे. भुगा झाला तर ओल कमी, आणि तसाच थापटला गेला तर वाफसा नाही, थांबा. मी नोकरीत पर्जन्यमापकाचे आकडे घेऊन फिरलो, पण मोबाइलवरचा पाऊस तालुक्याचा असतो आणि तुझ्या वावरात पडलेला वेगळा असतो. मुठीतला लाडू तुझ्या वावराचा असतो.

बोअरचं जरा सविस्तर बघू, कारण इथे नाना बरोबर असले तरी कारण अपुरं देतात. ते म्हणतात, "खाली पाणी राहिलं नाही." तुमचा भाग काळ्या पाषाणाचा. या दगडात पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि दगडाच्या भेगांत. त्याखाली अखंड दगड लागला की पुढे कितीही फूट जा, बहुतेक वेळा धुरळाच वर येतो. जळगावकडे तापीकाठी, यावल-रावेरला, खोल गाळाची माती आहे, तिथलं गणित वेगळं. तिथल्या केळीवाल्या पाहुण्याचं ऐकून तू साक्रीत खोल जाऊ नकोस. शिवाय धुळे-नंदुरबारच्या पाषाणात उभ्या दगडी भिंती घुसलेल्या आहेत, भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. भिंतीच्या एका अंगाला पाणी अडतं आणि शंभर पावलांवर दुसऱ्या अंगाला काहीच नसतं. म्हणून शेजाऱ्याला लागलं म्हणजे तुला लागेल असं नाही. बोअर घ्यायचाच झाला तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या लोकांना आधी जागा दाखव. तळहातावर नारळ आडवा धरून फिरणाऱ्या पाणाड्याला नको. तुमचा जुना बोअर बहुधा त्यानेच दाखवलेला असेल. यात देवाचा काही संबंध नाही आणि बापदाद्यांच्या शहाणपणाचाही नाही, कारण खोल बोअर हीच मुळात बापदाद्यांनी न पाहिलेली गोष्ट.

तो पैसा विहिरीचा गाळ काढण्यात आणि वरच्या नाल्यात घाल. शिरपूर तालुक्यात 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद-खोल करून, त्यांत बंधारे घालून पाणी मुरवलं. नाला कोणत्या थरापर्यंत खोदायचा हे भूवैज्ञानिक सांगेल. पण दिवाळीपर्यंत कोणत्या वळणाला डोह टिकायचा, कुठला झरा कधी बंद झाला, हे तुझ्या गावात नानांच्याच वयाची माणसं सांगतील. ती आहेत तोवर विचारून घे, लिहून ठेव.

आता फरदड. इथे नानांची आठवणच त्यांना फसवते आहे. त्यांच्या उमेदीत कपाशी उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवली तर एकदोन वेचे फुकट मिळायचे, हे खरं. पण 2002 ला बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली कपाशी आली, 2006 ला तशा दोन जनुकांची आली, आणि पुढे गुलाबी बोंडअळीने दोन्ही पचवल्या. 2017 ला या अळीने राज्यात कपाशीचं जे केलं ते तू शाळेत असतानाचं आहे, नानांना विचार. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. पीक जितके महिने वावरात, तितक्या तिच्या पिढ्या. हंगाम संपताना ती सरकीत, वाळलेल्या बोंडांत, मातीत दडून बसते आणि पुढच्या वर्षी तुझ्याच वावरात जागी होते. त्यामुळे डिसेंबरअखेर वावर मोकळं करायचं आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, बांधावर रचून ठेवायची नाही.

पण हे तू नानांना तोंडाने सांगू नकोस, त्यांनी ऐकावं असं तुझं वय नाही. दसऱ्यानंतर एके सकाळी त्यांना वावरात ने. एकरातून फिरत फिरत 20 हिरवी बोंडं तोड, बांधावर बसून त्यांच्यासमोर एकेक फोड. वरून बोंड धडधाकट दिसतं, कुठे भोकही नसतं. आत सरकी पोखरलेली आणि गुलाबी अळी वळवळणारी. 20 पैकी दोन बोंडांत सापडली तर फवारणीची पातळी गाठली असं धरतात. त्यांना मोजू दे. त्यांचं आयुष्यभराचं शहाणपण डोळ्यांनी बघून आलेलं आहे. नवी गोष्ट डोळ्यांनी बघितली की तीही त्यात जमा होते. भाषण मात्र होत नाही.

मग राहिला देव. तू त्यांचं वाक्य लिहिलंस, पण ते कधी म्हणतात हे लिहिलं नाहीस, आणि सगळी मेख तिथे आहे.

पेरणी झाली, खत पडलं, कोळपणी झाली, आणि जुलैत ढग येऊन नुसते परत चालले आहेत. अशा वेळी कृषी सेवा केंद्राबाहेर गर्दी बघ. तीन आठवडे पाणी नाही आणि लोक टॉनिकच्या बाटल्या घेऊन निघालेले असतात, कारण हातावर हात धरून बसवत नाही. त्या दिवसांत जो माणूस "बठ्ठं देवना हातमा शे" म्हणून ओट्यावर हरिपाठ म्हणत बसतो, तो आळशी नाही. करायचं ते करून झालंय, आता केलेला खर्च हा फक्त घाबरल्याचा खर्च आहे, हे त्याला कळतं. श्रद्धेचा रोजच्या जगण्यातला हा उपयोग मी जवळून पाहिला आहे: ती माणसाला वेळेवर थांबवते. कर्ज काढून तिसऱ्यांदा पेरणारे मी पाहिले आणि देवावर सोडून एक हंगाम पडीक ठेवणारेही पाहिले. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (वर्षाचा गडी) कोण ठेवू शकला, ते विचारू नकोस.

पण तेच वाक्य काम करायच्या आधी आलं, म्हणजे बांध फुटलाय, विम्याची मुदत चालली आहे, माती तपासायची आहे, आणि नाना म्हणतात देव बघेल, तर तिथे कान टवकार. माणूस देवाचं नाव अनेकदा न सांगितलेल्या काळजीच्या जागी घेतो. बहुतेक घरांत ती काळजी पैशाची असते. सोसायटीचं जुनं कर्ज, बहिणीच्या लग्नातली हातउसनवारी, सावकाराकडे अडकलेला कागद. तुला शिकायला बाहेर ठेवलं तेव्हा पैसा कुठून आला, हे कधी विचारलंस? विचार, पण आईच्या मार्फत विचार. पीक विम्यात कपाशी नगदी पीक म्हणून धरतात, शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत जातो. नाना "देव बघेल" म्हणाले तर खरं कारण तेवढी रक्कम हातात नसणं हेही असू शकतं.

एका ठिकाणी मात्र काहीच ऐकायचं नाही. साप चावला, छातीत कळ आली, फवारताना चक्कर येऊन तोंडाला फेस आला, तर भगत नाही, अंगारा नाही, बापाचा शब्दही नाही. देवाचं नाव गाडीत बसून घ्यायचं आणि गाडी सरकारी दवाखान्याकडे न्यायची.

आखाजीबद्दलही तू विचारलं आहेस, की घागरीखाली ढेकळं ठेवून पावसाचा अंदाज घेतात ही अंधश्रद्धा ना? पितरांच्या नावाने घागर भरतात, आणि काही घरांत तिच्याखाली मातीची चार ढेकळं ठेवतात, पावसाच्या महिन्यांच्या नावाची. जे ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जास्त. अंदाज म्हणून त्याला काडीची किंमत नाही. मडकं जिकडून पाझरेल तिकडचं ढेकूळ भिजणार. पण सालदाराचं वर्ष त्याच दिवशी सुरू होतं, लेकी माहेरी आलेल्या असतात, आमरस-पुरणपोळी झालेली असते, आणि सगळं घर त्या कोरड्या ढेकळाकडे बघून बोलू लागतं: श्रावण कोरडा गेला तर काय? विहिरीवर किती भिजेल? चारा पुरेल का? पेरणीच्या आधी वाईट महिन्याचा विचार एकत्र बसून करायला लावणारी दुसरी कोणती सोय तुमच्या घरात आहे? नसेल तर ढेकळं राहू दे. त्यांच्यावरून पेरणीची तारीख तेवढी ठरवू नको.

आणखी एक. विश्वास ठेवणं हे फक्त मुलाचं काम आहे असं तू धरून चालला आहेस. मुक्ताईची पालखी जळगाव जिल्ह्यातल्या कोथळीहून निघते ती ऐन पेरणीच्या तोंडावर. पंढरपूर लांब, महिन्याहून जास्त चालायचं. त्या दिंडीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी चाड्यावरची मूठ पोराच्या हातात देऊन वाट धरलेली असते. मागे पाऊस कधी पडला, पोराने कधी पेरलं, हे त्यांना फोनवर कळतं, आणि तिथून काही करता येत नाही. देवावर आणि पोरावर एकाच वेळी टाकून जाणं सोपं नसतं. नाना वारीला जात असतील तर या वर्षी जाऊ दे. जात नसतील तर का जात नाहीत, हे स्वतःला विचार.

पुढच्या हंगामापुरतं सांगतो. ज्वारी आणि मूग-उडीद नाना म्हणतात तसेच दोन एकरात राहू दे, जागाही त्यांनाच निवडू दे. बाकी सहा एकरांतला एक एकर तुझ्या पद्धतीचा, तोही रस्त्याकडेचा, म्हणजे त्यांना येताजाता दिसेल. फरदडीवर भांडू नको, बोंडं फोड. बोअरची बोलणी वर्षभर बंद. आणि एक साधा पर्जन्यमापक घे, घर आणि झाडापासून लांब, उघड्यावर लाव, आणि रोज सकाळी साडेआठला वाचून वहीत लिहायचं काम नानांकडे दे.